‘जा, खेळ ना!’ म्हणणं थोडं थांबवा

पत्र :

ताई, मी घणसोलीला राहते. आम्ही दोघंही नोकरी करतो. मुलगी सहा वर्षांची, यंदा पहिलीत. मुलाला पुढच्या महिन्यात तीन पूर्ण होतील. सासूबाई आमच्याकडेच असतात. आठवडाभर मुलांकडे बघायला वेळ मिळत नाही, म्हणून शनिवार-रविवारी ठरवून बाहेर पडतो. कधी नेरुळचं वंडर्स पार्क, कधी खारघरचं सेंट्रल पार्क, नाहीतर सेक्टरमधली बाग. पण घरी परतेपर्यंत कुणीतरी रडलेलं असतं आणि कुणीतरी चिडलेलं असतं. मुलगी झोपाळ्याच्या खांबाला टेकून नुसती बघत उभी राहते. ‘जा, खेळ ना’ म्हटलं की आणखीच मला चिकटते. मुलगा निघायच्या वेळी जमिनीवर लोळण घेतो. मिस्टर अर्धा वेळ फोनवर, उरलेला वेळ फोटो काढण्यात. ते मुलाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येतात, ते सासूबाईंना चालत नाही. सासूबाई सारखं ‘पडशील, पडशील’ करतात, ते मिस्टरांना चालत नाही. सोसायटीच्या आवारातला एक झोपाळा एकाच साखळीवर लटकतोय, त्यामुळे मुलांना खाली पाठवायचीही भीती वाटते. एवढा वेळ आणि पैसा घालून मुलांना काय मिळतं तेच कळत नाही. आमचं नेमकं कुठे चुकतंय?
– एक आई, घणसोली

उत्तर :

सगळ्यात आधी मांडीवरच्या घसरगुंडीचा निकाल लावू. बाकीचं सावकाश सुधारलं तरी चालेल, हे आजच बंद व्हायला हवं. सासूबाईंचं बरोबर आहे. मांडीवर घेतलं की पोर सुरक्षित, असं कुठल्याही बापाला वाटणं साहजिक आहे, पण होतं उलटंच. मूल एकटं घसरत असताना बुटाचा रबरी तळ कडेला घासला, तर ते फार तर तिरकं होतं, अडकतं, भोकाड पसरतं. वजन त्याचं स्वतःचंच, १२-१३ किलो. बापाच्या मांडीवर असताना तोच पाय अडकला, तर पाय जागेवर राहतो आणि ७०-७५ किलोंचा बाप खाली जातच राहतो. मधल्यामध्ये नडगीचं हाड पिळवटतं. लहान मुलांच्या नडगीचं हाड मोडण्याचं हे कारण हाडांच्या डॉक्टरांच्या चांगलं ओळखीचं आहे. पुष्कळदा सूजही फारशी दिसत नाही, मूल फक्त पाय टेकायला तयार होत नाही. तेव्हा धाकट्याला छोट्या घसरगुंडीवर एकट्याने येऊ द्या, बाबांनी बाजूला उभं राहावं. मोठ्या घसरगुंडीवर एकट्याने जमत नसेल, तर तिची वेळ अजून आलेली नाही, इतकंच.

याला लागूनच एक नियम सांगते. मूल जिथे आपलं आपण चढू शकत नाही, तिथे त्याला उचलून ठेवायचं नाही. स्वतः चढलेल्या मुलाने हात कुठे धरला, पाय कुठे टेकला हे त्याच्या अंगात बसलेलं असतं, त्यामुळे ते बहुतेक वेळा स्वतःच उतरतंही. उचलून ठेवलेलं मूल वर अडकतं आणि मग आपण खालून सूचनांचा मारा करतो.

‘पडशील’च्या बाबतीत मात्र मी सासूबाईंच्या बाजूने नाही. त्यांची काळजी खोटी नाही, पण त्या शब्दातून मुलाने करायचं काय, ते त्याला समजत नाही. वर चढणारं मूल ‘पडशील’ ऐकलं की मान वळवून आजीकडे बघतं, आणि नेमका तेव्हाच हात सुटतो. बोलायचंच असेल तर कामाचं बोलावं : ‘आता पाय कुठे ठेवणार?’, ‘दोन्ही हातांनी धर’, ‘ती पायरी ओली आहे बघ’. नॉर्वेच्या एलन सँडसेटर या संशोधक बाईंनी २००७ मध्ये मुलांच्या धाडसी खेळाचे सहा प्रकार मांडले होते. उंचावर चढणं, वेगात जाणं, धारदार अवजारं हाताळणं, पाण्याजवळ किंवा आगीजवळ खेळणं, झोंबाझोंबी करणं आणि मोठ्यांच्या नजरेआड भटकणं. ही यादी सासूबाईंना एकदा वाचून दाखवा आणि विचारा, यातलं तुम्ही लहानपणी काय काय नाही केलं? गावाकडच्या असतील तर अर्धी संध्याकाळ त्यांच्या गोष्टींतच जाईल. मुलांना त्या ऐकू द्या.

मग मोठ्यांनी लक्ष ठेवायचं ते कशावर? मुलाला जे दिसत नाही त्यावर. उंची त्याला दिसते, म्हणूनच ते वर गेल्यावर हळू होतं. सैल झालेला बोल्ट, तडकलेल्या प्लॅस्टिकची धार, दुसऱ्याचा झोपाळा मागून-पुढून जिथवर येतो ती जागा, उन्हात तापलेला पत्रा, हे त्याला दिसत नाही. बागेत शिरल्या शिरल्या एकाने चक्कर मारून एवढं बघून घ्यावं. घसरगुंडीला उलटा हात लावून पाहावा. पत्र्याचीच असं नाही, प्लॅस्टिकची घसरगुंडी आणि खालची काळी रबरी चटईसुद्धा एप्रिल-मे महिन्यांत चांगलीच पोळते. गळ्यातली पाण्याची बाटली, ओढणी, टोपीची नाडी उतरवल्याशिवाय घसरगुंडीवर किंवा जाळीवर पाठवू नका. पट्टा वर अडकला आणि मूल खाली गेलं, तर गळ्यालाच फास बसतो. ओपन जिमची जी यंत्रं हल्ली बागेबागेत असतात, ती मुलांना झोपाळ्यासारखीच वाटतात, पण ती मोठ्यांच्या मापाची असतात आणि हलत्या सांध्यांत बोटं चेंगरतात. तिथे मात्र ‘नाही’ म्हणजे नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुम्ही शनिवारवर फार ओझं टाकलंय. पाच दिवसांची भरपाई एका संध्याकाळी करायची म्हटलं की ती संध्याकाळ ‘चांगली’ जायलाच हवी असते. पामबीच रोडवर गाडी अडकली की चिडचिड, मूल खेळलं नाही की चिडचिड, खेळलं आणि निघेना तरी चिडचिड. मुलांना हा ताण लगेच कळतो. नेरुळपर्यंत आणलं, तिकीट काढलं, आता आनंदी हो, असं आपण तोंडाने म्हणत नसलो तरी चेहऱ्यावर लिहिलेलं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशी बघितल्या तर तुम्हाला जरा हलकं वाटेल. २०१९ च्या शिफारशीत तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला १८० मिनिटं हालचाल सांगितली आहे, त्यातली ६० मिनिटं धाप लागेल अशी. पाच ते सतरा वयोगटासाठी २०२० च्या शिफारशीत दिवसाला सरासरी ६० मिनिटं आहेत. सरासरी, आणि एका दमात नव्हे. जिने चढणं, दुकानापर्यंत चालत जाणं, गाणं लावून नाचणं, शाळेच्या मैदानावरची धावपळ, सगळं यात धरायचं. शनिवारी तीन तास काढून हा हिशोब जुळत नाही, आणि आठवड्यात तीन-चारदा पंचवीस मिनिटं मिळाली तर शनिवारची गरजही तेवढी उरत नाही.

ही पंचवीस मिनिटं घराजवळच मिळतील. सिडकोने नवी मुंबई आखताना शाळा, बाजार आणि खेळायची जागा सेक्टरांतच, चालण्याच्या अंतरावर ठेवण्याचा विचार केला होता. त्या आखणीचा फायदा घ्या. सेक्टरमधली तीच बाग, आठवड्यातून तीन-चार दिवस, शक्यतो तीच वेळ. सगळ्यांनी जायला हवं असं मुळीच नाही. एक दिवस आजी, एक दिवस तुम्ही, एक दिवस बाबा. बागेच्या फाटकावर वेळेचा फलक असतो तो बघून ठेवा आणि ऋतूप्रमाणे घड्याळ सरकवा. आपल्याकडे डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वासातपर्यंत उजेड असतो. थंडीत ऑफिसातून येऊन मुलांना उजेडात खेळायला नेणं तुम्हा दोघांना जमणार नाही. ते महिने आजीचे.

‘तीच बाग, तीच वेळ’ याचा सगळ्यात मोठा फायदा तुमच्या मुलीला होणार आहे. खांबाला टेकून बघणारी मुलगी काहीच करत नाही असं तुम्हाला वाटतंय. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधक बाईंनी १९३२ मध्ये लहान मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यात ‘दुसऱ्याचा खेळ बघत राहणं’ हा त्यांनी वेगळा प्रकार धरला होता. त्यांनी पाहिलेली मुलं बालवाडीच्या वयाची होती, तुमची लेक थोडी मोठी, पण अनोळखी टोळीसमोर उभं राहिलं की सगळेच आधी तेच करतात. मी बालवाडीत शिकवायचे तेव्हा अशा मुलांना घरी गेल्यावर दिवसभरातलं सगळं सांगताना त्यांच्या आयांनी ऐकलेलं असायचं. कोण पडलं, कोण चिडलं, कुणाच्या डब्यात काय होतं. एकही गोष्ट सुटलेली नसायची.

तुमची लेक तिथे उभी राहून काय बघत असेल, त्याचा विचार करा. खेळ सगळीकडे तेच असतात, कायदे मात्र बागेगणिक वेगळे. लपाछपीत भोज्या कुठला, दिव्याचा खांब की सोनमोहराचं झाड? राज्य कुणावर हे चकून ठरवतात की ‘जो शेवटी येईल त्याच्यावर’? बाकाच्या मागे लपलेलं चालतं का? ‘टाइम प्लीज’ म्हटलं की खरंच थांबतात, की लाल टी-शर्टवाला दादा तेवढ्यात धप्पा देतो? हे कळल्याशिवाय आत उडी मारणारं मूल पहिल्याच डावात बाद होतं, वर ‘तुला येतच नाही’ हे ऐकतं. तुमची मुलगी हे टाळते आहे. आणि तुम्ही दर आठवड्याला नवी बाग दाखवलीत, तर दर आठवड्याला तिला हा अभ्यास पहिल्यापासून करावा लागतो. नेरुळला जेमतेम लाल टी-शर्टवाला कळला, तेवढ्यात पुढच्या शनिवारी खारघर.

‘जा, खेळ ना’ थांबवा. त्याहून वाईट म्हणजे ‘ए बाळांनो, हिला पण घ्या रे’ असं मोठ्याने सांगणं. मुलं घेतात, नाखुशीने घेतात आणि दुसऱ्या मिनिटाला विसरतात. त्यापेक्षा तिच्याबरोबर नुसतं उभं राहा आणि तुम्हीही बघा. ‘ती निळ्या फ्रॉकवाली बघ, दर वेळी एकाच ठिकाणी लपते’ एवढं बोललात तरी पुरे. दोन-चार दिवसांत ती स्वतःच काही सांगायला लागेल. मग दोन गोष्टी हाताशी ठेवा. पहिली, वाटून खेळता येईल असं काहीतरी जवळ असू द्या : एक रबरी चेंडू, दोरीच्या उड्यांची दोरी किंवा खडूची पेटी. सिमेंटच्या वाटेवर ठिकरीचे चौकोन आखायला घेतले की पाच मिनिटांत कुणीतरी ‘मी खेळू?’ विचारत येतं. तेव्हा ‘हो’ म्हणणारी तुमची मुलगी असते. दुसरी गोष्ट तिच्या कानात सांगून ठेवा : खेळात घ्यायला विचारायचं झालं तर ‘मला घेता का?’ याच्या पुढे ‘माझ्यावर राज्य चालेल’ हेही म्हण. राज्य घ्यायला तयार असलेल्या नव्या भिडूला परत पाठवणारी टोळी अजून जन्माला यायची आहे.

धाकट्याचं काय करायचं, ते आपल्याकडच्या पोरांनी फार पूर्वीच ठरवून ठेवलंय. त्याला कच्चा लिंबू करायचा. तो सगळ्यांबरोबर धावणार, लपणार, किंचाळणार, पण बाद होणार नाही आणि त्याच्यावर राज्य येणार नाही. बालमानसशास्त्राचं पुस्तक न वाचता गल्लीतल्या मुलांनी काढलेली ही तोड मला फार आवडते. लहानाला वगळायचं नाही आणि त्याच्यापायी खेळही मोडायचा नाही. हल्ली काही सोसायट्यांमध्ये मुलांना हा शब्दच ठाऊक नसतो. तुमच्या मुलीला शिकवा, ती बाकीच्यांना शिकवेल. आणि भाऊ सोबत असला की तिचाही धीर वाढेल.

कुटुंबाने मिळून खेळायचं असेल, तर जरूर खेळा, पण रोज नाही आणि पूर्ण वेळ नाही. पंधरा मिनिटं खरोखर घाम गाळून खेळा आणि मग मोठ्यांनी बाजूला व्हा. आईबाप तासभर मुलाच्या मागेमागे खेळत राहिले, तर बाकीची मुलं जवळ येत नाहीत. वयाचा फरक मिटवायला मोठ्यांनी स्वतःवर अट घालून घ्यायची. शिवाशिवीत राज्य बाबांवर, पण बाबांनी लंगडी घालतच पकडायचं. दोन मिनिटांत त्यांची दमछाक होईल आणि मुलांना ते बघून जो आनंद होतो तो कुठल्याही टॉय ट्रेनमध्ये नाही. विषामृत घरच्यांसाठी छान : विष म्हणून हात लागला की जागच्या जागी पुतळा, दुसऱ्याने येऊन अमृत दिलं की सुटका. तीन वर्षांच्या मुलाला विष देता येत नाही, पण अमृत देत फिरणं त्याला भारी जमतं. सगळ्या घराला आपण सोडवतोय या ऐटीत तो असतो. ‘डोंगर का पाणी’ खेळायला पायऱ्या आणि ओटा पुरे. साखळीसाठी माणसं जास्त लागतात, तेव्हा शेजारच्या दोन घरांना बोलवा.

आणि आजींना भोज्या करा. थट्टा नाही. त्यांचा बाक हाच भोज्या, तिथे हात टेकवला की सुटलो. त्यांना उठावं लागत नाही, सगळी पोरं आळीपाळीने त्यांच्याकडे धावत येतात आणि कोण आधी पोचलं याचा न्यायनिवाडाही त्यांच्याकडेच. ‘पडशील’ म्हणायला त्यांना फुरसत राहणार नाही.

झोपाळे, घसरगुंडी यांच्या पलीकडेही बागेत बरंच काही पडलेलं असतं. मे महिन्यात गुलमोहराची न उमललेली कळी घ्या, बाहेरच्या हिरव्या पाकळ्या सोला, आतले केसर काढा. प्रत्येक केसराच्या टोकाला चिमुकलं डोकं असतं, हा तुमचा कोंबडा. तुमच्या केसराचं डोकं लेकीच्या केसराच्या डोक्यात अडकवायचं आणि ओढायचं. ज्याचं डोकं तुटलं त्याचा कोंबडा हरला. सहा वर्षांच्या बोटांना ते अडकवायला जमतं, तीन वर्षांच्या बोटांना जमत नाही, तेव्हा धाकट्याला गुलमोहराची वाळकी शेंग द्या. ती तलवारही होते आणि हलवली की खुळखुळाही. फक्त जमिनीवर पडलेलंच घ्यायचं, झाडाचं ओरबाडायचं नाही, आणि काहीही तोंडात नाही.

मिस्टरांच्या फोनबद्दल. आठवडाभर काम करून आलेल्या माणसाने शनिवारी बागेत चोवीस तास दक्ष असावं ही अपेक्षा मी ठेवणार नाही, तुम्हीही ठेवू नका. पण अर्धं इकडे, अर्धं तिकडे यात दोन्हीकडचं वाया जातं. सोपी वाटणी करा. पहिल्या पाच मिनिटांत हवे तेवढे फोटो काढा, त्यानंतर फोन पिशवीत. मग वीस मिनिटं त्यांची, वीस मिनिटं तुमची. ज्याची पाळी तो मुलांजवळ, पूर्णपणे. दुसऱ्याने ट्रॅकवर फेऱ्या माराव्यात, बाकावर डोळे मिटून बसावं, फोन करायचा तर फाटकाबाहेर जाऊन करावा. तुमच्या पत्रात तुम्ही सगळ्यांचं लिहिलंत, स्वतः बागेत काय करता ते एका शब्दाने नाही. मला वाटतं तुम्ही सगळ्यांच्या मागे धावत असता. तुमची वीस मिनिटं बसून काढा.

निघताना लोळण घेणं हे तिसऱ्या वर्षी चालायचंच. ‘पाच मिनिटांत निघायचं’ याला त्याच्या लेखी काही अर्थ नाही, मिनिट त्याला दिसत नाही. घसरगुंडी दिसते. ‘अजून तीन घसरगुंड्या आणि मग घर’ असं सांगा आणि मोजायचं काम त्याच्याकडेच द्या. तीनच्या नंतर चौथी नाही. पहिल्या दोन-तीन दिवशी तरीही रडेल. शांतपणे उचलायचं आणि निघायचं. दर वेळी तीन म्हणजे तीनच राहिलं की वाद कमी होतो. शेवटी त्याला एखादं काम द्या : चेंडू पिशवीत टाकणं, आजीची चप्पल शोधून देणं, फाटकाची कडी लावणं. कडी फार आवडते मुलांना. आणि ‘चल, बाहेर कापूस-मिठाई घेऊन देते’ हे लाच म्हणून वापरू नका, नाहीतर पुढच्या वेळी लोळण ही मिठाई मिळवायची युक्ती होते. फुगेवाला, भेळवाला, बॅटरीच्या गाड्या हे सगळं फाटकाशी असणारच. घेण्याचा वार घरूनच ठरवा, रविवार म्हणजे रविवार, आणि त्या दिवशी खुशाल घ्या.

खाण्याचं थोडक्यात. सहा वाजता रडणाऱ्या मुलांतली निम्मी भुकेलेली असतात. घरून निघण्याआधी केळं किंवा तूप-गूळ लावलेल्या पोळीचा रोल द्या, बागेत फक्त पाणी. तिन्हीसांजेला डासांचा त्रास असतो, आणि डेंग्यूचा डास तर दिवसाउजेडीच चावतो, सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी जास्त. म्हणून पावसाळ्यात आणि नंतरचे दोन महिने लांब बाह्यांचे सुती कपडे बरे. पावसात सोसायटीच्या स्टिल्टखाली गाड्या नसलेल्या कोपऱ्यात लंगडी आणि आंधळी कोशिंबीर चालतात, मात्र गाड्यांची ये-जा असेल तेव्हा एक मोठं माणूस तिथे उभं हवंच. ओल्या घसरगुंडीवर पाठवायच्या आधी जुना टॉवेल फिरवा. मी पिशवीत एक ठेवतेच.

वंडर्स पार्क बंद करा असं मी म्हणत नाही. सात आश्चर्यांच्या प्रतिकृती, टॉय ट्रेन, गर्दी, रोषणाई, हे सगळं जत्रेला गेल्यासारखं करावं. दीड-दोन महिन्यांतून एकदा, भरपेट जेवून, आणि तिथे ‘मैत्री कर’, ‘नीट खेळ’ अशी काही अपेक्षा न ठेवता. मधल्या एखाद्या रविवारी कोपरखैरण्याचं निसर्ग उद्यान करा. घणसोलीहून ट्रेनने एकच स्टेशन, आणि तुमच्या धाकट्याला उद्यानाइतकाच ट्रेनचा प्रवास आवडेल. ते उद्यान जुन्या डम्पिंग ग्राउंडच्या जागेवर उभं केलंय, हे मुलीला सांगा. आपण कचऱ्याच्या डोंगरावर खेळतोय ही कल्पना सहा वर्षांच्या मुलांना भयंकर आवडते, दिवसभर त्यावर प्रश्न येतील.

राहिला सोसायटीचा झोपाळा. मुलांना घराखाली एकटं-दुकटं खेळायला मिळणं हे कुठल्याही पार्कपेक्षा मोलाचं आहे, तेव्हा हे ‘कोणीतरी करेल’ म्हणून सोडू नका. आज संध्याकाळीच त्याचा फोटो काढा, साखळी जिथे तुटली आहे तो भाग जवळून. सेक्रेटरींना तोंडी सांगू नका, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकूनही थांबू नका. तिथे पाच अंगठे येतात आणि विषय संपतो. कमिटीच्या नावाने चार ओळींचा अर्ज लिहा : कुठला झोपाळा, काय तुटलंय, मूल पडलं तर काय होईल, आणि बाकीच्या साखळ्या-बोल्टांची तपासणीही याच वेळी व्हावी. खाली पाच-सहा घरांच्या सह्या घ्या. सासूबाईंच्या संध्याकाळच्या कट्ट्यावर त्या दहा मिनिटांत मिळतील. दोन प्रती काढा, एकीवर तारखेसह पोच घ्या आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घालायला सांगा. दुरुस्ती होईपर्यंत वॉचमनकाकांकडून ती लटकती फळी वरच्या दांड्याला जाड दोरीने गुंडाळून घट्ट बांधून घ्या, मुलांचा हात पोचणार नाही इतकी वर. नुसती ‘वापरू नये’ची पाटी लावून उपयोग नाही, तिथली निम्मी गिऱ्हाइकं अजून वाचायला शिकायची आहेत.